बुलढाण्यात उद्या शेकाचं मशीन आलं, तर ते मोजणार कोण?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्या यादीत बुलढाण्याचं नाव होतं. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर सेंटर काढण्याची घोषणा झाली. दोन्ही गोष्टींचं स्वागतच आहे. पण डे-केअर सेंटर म्हणजे मुख्यतः केमोथेरपी. ज्याला आपल्याकडे घरोघरी ‘शेक देणं’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात, ती रेडिओथेरपी तिथे होत नाही.

म्हणजे खामगाव-शेगावकडच्या पेशंटला अकोला, देऊळगाव राजाकडच्याला छत्रपती संभाजीनगर, आणि कुणाला नागपूर किंवा मुंबईचं टाटा हॉस्पिटल हे सुटणार नाही. शेक अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतो. घरातला एक कमावता माणूस तेवढे दिवस पेशंटसोबत अडकतो. मजुरी बुडते, भाड्याची खोली घ्यावी लागते. असं एखादं घर प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल.

मग आपण मागणी करतो, जिल्ह्यात मशीन आणा. मागणी रास्त आहे. पण मशीन पैशाने येतं. ते सुरू करायला जो माणूस लागतो, तो तयार व्हायला बारावीनंतर सहा-सात वर्षं लागतात. त्या माणसाला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात, आणि आमच्या बहुतेक घरांत हा शब्द अजून पोहोचलेलाच नाही.

त्याचं काम काय? कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात की गाठीला किती डोस द्यायचा. तो डोस मशीनमधून तेवढाच निघतो का, गाठीवरच पडतो का, शेजारच्या फुफ्फुसाला, मूत्राशयाला, मणक्याला किती लागतो, हा सगळा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट करतो. मशीनची तपासणीही त्याच्याच देखरेखीखाली होते. डोस कमी पडला तर आजार उलटतो, जास्त झाला तर चांगलं अंग जळतं. डोळ्याला किरण दिसत नाहीत, अंगाला त्या क्षणी कळत नाहीत. म्हणून मोजणाऱ्यावरच सगळा भरवसा.

आता परवान्याचं बघू, कारण इथेच गैरसमज जास्त आहेत. डॉक्टरला कौन्सिलचा नंबर मिळतो आणि तो कुठेही प्रॅक्टिस करू शकतो. इथे तसं नाही. देशात किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख करते ती अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी. ती १९८३ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. मशीन चालवण्याचा परवाना एईआरबी रुग्णालयाला देते. पण त्यासाठी रुग्णालयात पात्र मेडिकल फिजिसिस्ट आणि मंजुरी मिळालेला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, असावा लागतो. बहुतेक ठिकाणी फिजिसिस्टच आरएसओ असतो. थोडक्यात, परवाना मशीनचा, पण तो उभा राहतो माणसावर.

पात्रतेचे दोन रस्ते आहेत. पहिला, फिजिक्समध्ये एम.एस्सी. आणि त्यानंतर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. दुसरा, फिजिक्स मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. आणि त्यानंतर थेट मेडिकल फिजिक्सची एम.एस्सी. दोन्हीकडे शेवटी मान्यताप्राप्त, सुसज्ज रेडिओथेरपी विभागात किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप हवीच. ती न करता हातात कितीही मोठी डिग्री असली तरी उपयोग नाही. पुढे आरएसओ व्हायचं तर भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे बीएआरसीची, लेव्हल तीनची परीक्षा पास करावी लागते. मग नोकरी देणारं रुग्णालय एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाईन पोर्टलवर नाव पाठवतं आणि मंजुरी येते. ही मंजुरी ठराविक मुदतीची आणि त्या रुग्णालयापुरती असते. नोकरी बदलली की नव्या ठिकाणाहून पुन्हा अर्ज.

बीएआरसीचा डिप्लोमा १९६२ पासून मुंबईत चालतो. तो या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि नावाजलेला कोर्स. प्रवेश परीक्षेतून मिळतो, जागा मोजक्या असतात, विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं. देशात इतरही कोर्स आहेत, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची मेडिकल फिजिक्सची एम.एस्सी. त्यातलीच. पण इथे पालकांनी सावध राहावं. नावात ‘रेडिएशन’ किंवा ‘मेडिकल’ असलेला प्रत्येक कोर्स या परवान्यापर्यंत नेत नाही. एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स वेगळा, हा वेगळा. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा कोर्स एईआरबीच्या अटी पूर्ण करतो का, आणि इंटर्नशिप कुठे होणार? उत्तर लेखी घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात डॉक्टर-नर्सव्यतिरिक्त आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत मेडिकल फिजिसिस्टचं नाव आलंय. पण ती नोंदणी आणि एईआरबीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचं काम होत नाही.

एवढा कडक नियम कशाला, असं कुणी म्हणेल. भंगारचा धंदा करणाऱ्या आमच्या भावांनी तरी एप्रिल २०१० विसरू नये. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र लिलावात आलं. आत कोबाल्ट-६० होतं, हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं. कामगारांनी ते फोडलं. काही जण गंभीर आजारी पडले, एक जण जिवानिशी गेला. ज्यांच्याकडे ते यंत्र होतं, त्यांच्याकडे त्याचा हिशेब ठेवणारा कुणी नव्हता. परवाना, आरएसओ, नोंदवह्या हे सगळं त्या एका हिशेबासाठी असतं.

पालकांची दुसरी भीती आम्ही नेहमी ऐकतो: मुलीला रेडिएशनच्या खोलीत कसं पाठवायचं? शेक सुरू असताना खोलीत फक्त पेशंट असतो. फिजिसिस्ट आणि टेक्निशियन जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर असतात. प्रत्येकाच्या छातीवर डोस मोजणारा बॅज असतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही कायद्याची मर्यादा आहे. गरोदर महिलेसाठी नियम आणखी कडक आहेत. नियम पाळणाऱ्या विभागात हे काम मुलींसाठी सुरक्षित आहे.

आता जरा आपल्याकडे बघू. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखलीच्या कॉलेजांत आमची मुलंमुली बी.एस्सी. करतात. त्यातली कितीतरी नीटमध्ये थोडक्यात हुकलेली असतात. दोन-दोन वर्षं ड्रॉप घेऊन खचलेली असतात. घरात त्यांना ‘डॉक्टर नाही झाला’ एवढीच ओळख उरते. ज्या मुलाला फिजिक्स येतं, त्याच्यासाठी कॅन्सर रुग्णालयाचा दरवाजा बंद झालेला नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा समाजात संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण ती संशोधनासाठी होती. या वाटेवर मूल अडतं ते एम.एस्सी.च्या आसपास आणि इंटर्नशिपच्या वर्षात. तेव्हा मोठ्या शहरात राहायचं असतं आणि हातात पूर्ण पगार नसतो. आमच्या जमातींचे आणि ट्रस्टचे तालीम फंड बहुतेक नीटच्या क्लासच्या फीवर संपतात. त्यातून दरवर्षी एक मूल, फक्त एक, या दोन वर्षांसाठी उचललं तरी चित्र बदलायला सुरुवात होईल. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी.

आणि लोकप्रतिनिधींकडे मागणी करताना वाक्य पूर्ण करावं. ‘जिल्ह्यात मशीन द्या’ एवढं पुरेसं नाही. ‘मशीनबरोबर मेडिकल फिजिसिस्टची मंजूर, पूर्ण पगाराची पदं द्या’ असं म्हणावं. नाहीतर उद्घाटनाची फीत कापली जाईल, आणि आपला पेशंट त्याच दिवशी अकोल्याच्या एसटीत बसलेला असेल.

यंदा ज्यांच्या घरात बी.एस्सी.चा निकाल लागतोय, त्यांनी मार्कशीटवर फिजिक्सचे मार्क एकदा नीट बघावेत.