पी हळद, हो गोरी

हौशी छायाचित्रकारांची एखाद्या रंगावरची स्पर्धा ही काही राज्य बुडवणारी गोष्ट नव्हे. तिच्यासाठी दिवाळी अंकाची चार पाने खर्ची घालण्याचे कारण काय, असे पुष्कळ जण विचारतील. हौसेला मोल नसते, मंडळींना चार घटका आनंद होतो, कुणाचे काही जात नाही. मग मास्तरांनी मध्ये नाक का खुपसावे? माझे म्हणणे असे की, कुणाचे तरी जाते. कोणाचे जाते आणि काय जाते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आमचा हिंगोलीकडचा मुलूख हळदीचा आणि सोयाबीनचा. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी एका हौशी मंडळाने छायाचित्रांची स्पर्धा घेतली. विषय एका शब्दाचा : 'पिवळा'. प्रवेशमूल्य नाही, वयाची अट नाही, मोबाइलवर काढलेले चित्रही चालेल. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे पुस्तकी विद्या माझ्या वाट्याला आली नाही, पण रंगपेटीशी वीस वर्षांचा संबंध आहे. आणि कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे माणसांच्या तोंडाकडे पाहत बसण्याची खोड आहे. तेव्हा प्रदर्शन पाहावयास मी गेलो, आणि एकदा नव्हे, दोनदा गेलो.

पहिले पारितोषिक मिळाले ते सुमारे चारशे किलोमीटरवरच्या जेजुरीच्या चित्राला. आकाशात उधळलेला भंडारा, खाली उंचावलेले हात. दुसरे मिळाले हळद लागलेल्या नवरीच्या चेहऱ्याला. डोळे मिटलेले, गालावर ओली हळद. तिसरे झेंडूच्या राशीमागे बसलेल्या सुरकुतलेल्या आजीला. तिन्ही चित्रे देखणी होती, ह्यात वाद नाही. पण अशी चित्रे मी ह्यापूर्वी किती वेळा पाहिली आहेत, हे मोजण्याची सोय राहिलेली नाही. बँकेच्या कॅलेंडरावर हीच, पर्यटनाच्या फलकावर हीच, लग्नाच्या अल्बममध्ये हीच. व्यावसायिक माणसाला गिऱ्हाइकाच्या आवडीपुढे मान तुकवावी लागते. हौशी माणसाला गिऱ्हाईकच नाही. त्याच्या डोक्यावर कोणी बसलेले नाही. तो जगातला सर्वांत मोकळा छायाचित्रकार. आणि तो मोकळा माणूस स्वतःच्या खर्चाने, रजा काढून, पेट्रोल जाळून कॅलेंडराची नक्कल करतो, ह्याला हौस म्हणावयाचे की वेठबिगार?

आता न निवडलेल्या चित्राविषयी. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने सोयाबीनच्या एकाच पानाचे चित्र पाठवले होते. पान बापाच्या तळहातावर ठेवलेले. अर्धे हिरवे, अर्धे पिवळे, ठिपक्याठिपक्यांनी रंग फुटलेला, आणि खाली मातीने भरलेल्या हाताच्या रेषा. परीक्षकांनी त्यावर शेरा मारला : 'रंग मळकट. विषयाला न्याय नाही.'

विषयाला न्याय नाही! ह्या पानाचा रोग आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याला पिवळा मोझॅक म्हणतात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. २०२३ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांत तो असा पसरला की शेंगा भरल्याच नाहीत. पिवळे झालेले झाड उपटून नष्ट करावे लागते. म्हणजे बापाने ते पान हातावर घेतले तेव्हा झाडाचा निकाल लागलेला होता. पिवळ्या रंगाविषयी याहून नेमके चित्र त्या भिंतीवर दुसरे नव्हते, असे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण परीक्षकांना हवा होता पिवळाधमक, पिवळाजर्द. हा पिवळा आजारी निघाला.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. पिवळा म्हणजे काय, हे नुसत्या पिवळ्याकडे पाहून कधीच कळत नाही. हळदीचे पान माघात पिवळे पडून वाळू लागले की शेतकरी काढणीच्या तयारीला लागतो. ती पिकाची पूर्तता आहे. सोयाबीनचे पान श्रावणात पिवळे पडले तर त्याच शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. तेच सोयाबीनचे पान अश्विनाच्या तोंडावर पिवळे पडले तर पुन्हा जिवात जीव येतो. रंग तोच, पान तेच. महिना बदलला की अर्थ उलटा होतो. मग ज्या स्पर्धेत पान कोणते, महिना कोणता, हात कोणाचा, हे विचारण्याची सोयच नाही, तिच्यात न्याय कशाला द्यावयाचा आणि कोणी?

आपली भाषा ह्या बाबतीत परीक्षकांपेक्षा शहाणी आहे. हळदी, केतकी, लिंबोणी, सोनसळी. आमसुली, वांगी, पोपटी, अबोली, मोरपंखी. मराठी माणसाने रंगाला नाव देताना आधी वस्तू पाहिली आणि तिच्यावरून रंग ओळखला. ज्यांनी ही नावे पाडली त्यांनी आमसूल खाल्ले होते, अबोलीचा गजरा माळला होता. आमचे स्पर्धावाले ह्या नावांतली वस्तू सोलून फेकून देतात आणि साल भिंतीवर टांगतात.

ह्या सोलण्याला यंत्राचीही साथ आहे. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सांगतो की तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. मुले विचारतात, मग मोबाइलमध्ये पिवळा कुठे असतो? उत्तर मौजेचे आहे : नसतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर ह्यांनी ज्या रचनेचे पेटंट १९७६ साली मिळवले, तीच अजून बहुतेक कॅमेऱ्यांत वापरात आहे. तिच्यात प्रकाश टिपणाऱ्या घरांपैकी निम्म्यांवर हिरवी काच, पावभागावर तांबडी आणि पावभागावर निळी. पिवळे घर एकही नाही. झेंडू समोर आला की तांबडी आणि हिरवी घरे आपापली साक्ष देतात, आणि यंत्र हिशेब करून म्हणते, 'हे पिवळे असावे.' म्हणजे चित्रातला पिवळा हा मुळातच एक अंदाज. त्यावर आपण बोटाने पट्टी सरकवून तो आणखी पिवळा करतो. हळदीच्या भुकटीत मेटॅनिल यलो नावाचा निषिद्ध रंग मिसळणारा व्यापारी सापडला तर त्याच्यावर खटला होतो. चित्रात तोच उद्योग करणाऱ्याला आमच्याकडे ढाल मिळते आणि शाल मिळते.

हळदीचेच पाहा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बेणे जमिनीत जाते, आठनऊ महिन्यांनी काढणी होते. जमिनीतून निघालेला गड्डा मातकट असतो. त्याच्याकडे पाहून कोणी पिवळा म्हणणार नाही. मग ती शिजवावयाची, दहापंधरा दिवस उन्हात वाळवावयाची, ढोलात घालून घासावयाची, तेव्हा कुठे तिला तेज चढते. ह्या सगळ्या वर्षात हळद शिजवणाऱ्या बाईचे पिवळे झालेले हात एकाही चित्रात नव्हते. आमच्या हळदीच्या मुलखात भरलेल्या पिवळ्याच्या प्रदर्शनात हळदीचे शेत नव्हते! 'पी हळद, हो गोरी' ही म्हण उतावळ्यांसाठी आहे. ह्या मंडळींनी तिचे घोषवाक्य केले आहे.

दुसऱ्या पारितोषिकाविषयी मात्र मला जरा कडक बोलावे लागेल. 'मुलीचे हात पिवळे करणे' हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले आढळले. पाचांत एकीहून अधिक. शिक्षकाला हा आकडा वर्गातल्या रिकाम्या बाकाच्या रूपाने भेटतो. दिवाळीच्या सुटीनंतर हजेरी घेताना एखाद्या नावाला 'हजर' येत नाही, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच सांगते, 'सर, तिचं झालं.' चित्रातली नवरी सज्ञान असेल, आनंदातही असेल; तसेच असो. पण चित्राखाली तिचे वय नव्हते, तिची संमती घेतल्याचा उल्लेख नव्हता, आणि परीक्षकांपैकी कोणाला तो प्रश्न पडला नाही. त्यांनी गालावरच्या हळदीवर पडलेल्या तिरप्या उजेडाचे कौतुक केले. उजेड तिरपा होता खरा.

ह्यावर दोन बाजूंनी हल्ला होईल. एक पक्ष म्हणेल की रंग हा विषयच उथळ. खरी कला काळ्यापांढऱ्यात. हा पक्ष मला मान्य नाही. जयपूरला १९४२ मध्ये जन्मलेले रघुबीर सिंग १९९९ मध्ये निवर्तले. काळ्यापांढऱ्याची मिजास असलेल्या काळात त्यांनी रंगीत चित्रांची कास धरली आणि ती सोडली नाही. बिहारमधले त्यांचे १९६७ सालचे पावसाचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल : भिजलेल्या लुगड्यांतल्या बाया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. तिथे रंग आहे, पण आधी पाऊस लागतो, मग बाया दिसतात, आणि मग लुगडी. रंग हा उथळ नाही. त्याच्यापाशीच थांबणारी नजर उथळ असते.

दुसरा पक्ष याच्या उलट म्हणेल : म्हणजे तुम्हाला आता दुःखाची चित्रे हवीत! पिवळी शिधापत्रिका हातात धरून रांगेत उभी असलेली म्हातारी आणा, आणि तिला ढाल द्या! नाही, तेही मला नको. १९९९ साली राज्यातल्या शिधापत्रिका पिवळ्या, केशरी आणि शुभ्र अशा रंगांत वाटल्या गेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला पिवळी मिळाली. त्या पत्रिकेची चित्रे काढून स्वतःच्या संवेदनशीलतेचे प्रदर्शन मांडणारेही भंडारावाल्यांचेच मावसभाऊ होत. एकाला सणाचा पिवळा हवा, दुसऱ्याला हलाखीचा. ज्याचा तो पिवळा आहे त्या माणसाची चौकशी दोघांनाही नको. आनंदाचे चित्र जरूर काढावे. भंडारा उधळणाऱ्या माणसाच्या मनात नवस असतो, तो फेडल्याचा हलकेपणा असतो. ते चित्रात आले तर मी स्वतः उभा राहून टाळ्या वाजवीन. पहिल्या क्रमांकाच्या चित्रात त्या माणसाचे तोंडच भंडाऱ्याआड गेले होते.

शेतात पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात. माशीला पिवळ्या रंगाची ओढ असते. ती तिथे झेप घेते आणि चिकटून बसते. पिवळे दिसले की झेपावणे माशीला शोभते. माणसाला देवाने डोळ्यांबरोबर जीभही दिली आहे. त्याने विचारावे : हे काय आहे? तुमचे नाव काय? काढू का चित्र?

नुसती टीका करून हात झटकणे मास्तराला शोभत नाही, म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : प्रत्येक चित्राखाली चार ओळी हव्यात, वस्तू कोणती, ठिकाण कोणते, महिना कोणता, आणि रंग तिथे कसा आला. ज्याला ह्या चार ओळी लिहिता येत नाहीत त्याने रंग पाहिला असेल, चित्र पाहिलेले नाही. दुसरी : चित्रात माणूस असेल तर त्याला विचारल्याचे लिहून द्यावे, आणि छापलेली एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. झेंडूवाल्या आजीला ढालीशी कर्तव्य नाही, पण स्वतःचा फोटो भिंतीवर लावायला तिला नक्की आवडेल. तिसरी : परीक्षकांत एक जण असा असावा की ज्याचे हात त्या रंगात बुडालेले आहेत. पिवळ्यासाठी हळद शिजवणारी बाई बसवा. तिला तिरप्या उजेडातले काही कळणार नाही, पण खोटी हळद ती लांबून ओळखील.

माझ्या विद्यार्थ्याला ढाल मिळाली नाही ह्याचे मला दुःख नाही, ढाली गंजतात. दुःख वेगळे आहे. तो मुलगा तालुक्याहून एवढे शिकून आला की, आपल्या बापाच्या हातावरचे पान हा विषय नव्हे आणि चारशे किलोमीटरवरचा भंडारा हा विषय होय. शाळेत वर्षभर मी त्याला सांगत होतो, जवळचे पाहा, नीट पाहा; ते सगळे दोन शब्दांच्या शेऱ्याने पुसले गेले. कुणाचे काय जाते, असे विचारणाऱ्यांना हे माझे उत्तर.

यंदाच्या स्पर्धेसाठी मंडळाने 'हिरवा' हा रंग जाहीर केला आहे. श्रावणातले डोंगर येतील, हिरवा चुडा येईल, पोपट येतील. कदाचित एखादा मुलगा नदीवर पसरलेल्या जलपर्णीचे चित्र पाठवील. ते इतर सर्वांहून हिरवेगार असेल, आणि तिच्याखाली नदी गुदमरत असेल. परीक्षकांनी त्या चित्रापाशी थोडे थांबावे आणि हिरवे किती आहे हे मोजण्यापूर्वी हिरवे काय आहे, एवढे विचारावे.