हिवतापाचं शास्त्र गावाबाहेर ठेवू नका

हिवतापाच्या संशोधनात गावकऱ्यांना सामील करून घ्या म्हटलं की एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं. संशोधन हे तज्ज्ञांचं काम आहे. गावानं रक्ताचे नमुने द्यावेत, फवारणीला दारं उघडावीत, मच्छरदाणीत झोपावं आणि पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या मुलांची प्रभातफेरी काढावी. एवढा लोकसहभाग पुरे! हे उत्तर चुकीचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात तर ते धडधडीत चुकीचं आहे आणि ते का, हे इथल्याच पाण्याच्या, घरांच्या आणि माणसांच्या आधारानं मांडायचं आहे.

या मंडळींचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं त्यात दगावायची, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. डीडीटी मारणाऱ्या टोळ्यांनी त्यासाठी कुठल्या गावाला विचारलं होतं? नव्हतं विचारलं. हे मान्य आहे, आणि त्या यशाचं मोल कमी करण्याचं काही कारण नाही. पण गोष्ट १९६५ ला थांबवायची आणि पुढचं पान उलटायचंच नाही, ही लबाडी झाली. १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, औषधाचा पुरवठा अपुरा पडत होता, देखरेख ढिली झाली होती. कार्यक्रम सैल पडला तेव्हा गावाच्या हाती काय उरलं होतं? भिंतीवर फवारणीवाल्यांनी रंगवलेली तारीख. डास कुठल्या पाण्यात वाढतो, ताप कुठून येतो, कुणाकडे आधी बघायचं, हे ज्ञान टोळीबरोबर आलं आणि टोळीबरोबर गेलं. वीस वर्षं घरोघर जाणारी यंत्रणा गावात एकही जाणता माणूस मागे ठेवून गेली नाही, हा त्या पद्धतीचा दोष होता.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. लोकांना डासातलं काय कळतं?

आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. गटाराच्या घाण पाण्यात तो फारसा रमत नाही. त्याला लागतं स्वच्छ, उन्हातलं, थांबलेलं किंवा संथ पाणी: ओढ्यातली डबकी, पाझर, विहिरी, कालव्याच्या कडा. उबदार दिवसांत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता या दोन तालुक्यांतलं पाणी बघा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं इथंच आहेत. आवर्तन बंद झालं की कुठल्या चारीत डबकी राहतात, कुठल्या बांधाखालून पाझर लागतो, कुठला ओढा दिवाळीनंतरही जिवंत असतो, हे उपग्रहाच्या चित्रात सगळं सापडत नाही. पाटकऱ्याला ते माहीत असतं. शेवटच्या टोकाला पाण्याची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्याला माहीत असतं.

डिंभ्याचा जलाशय उन्हाळ्याकडे उतरत जातो, तसा त्याचा काठ सरकत राहतो. मोकळ्या झालेल्या गाळात माणसं पिकं घेतात, गुरं पाण्यावर उतरतात, त्यांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचतं. धरणानं उठवलेल्या इथल्या आदिवासींनी कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीनं याच गाळपेराच्या आणि मासेमारीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. त्या काठाची वीतन् वीत त्यांना ठाऊक आहे. डोंगरउतारावर पडकईनं भातखाचरं उभी करणाऱ्या माणसाला पाणी कुठं मुरतं आणि कुठं तुंबतं हे शिकवायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. अशा माणसाला ‘नमुना’ म्हणून यादीत घालायचं आणि पाण्याचा नकाशा मात्र कार्यालयात बसून काढायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत.

राहता राहिली डासाची ओळख. एक पांढरा वाडगा घ्या आणि डबक्याच्या कडेनं अलगद पाणी उचला. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली असेल तर ती ॲनॉफिलिसची. शेपटीकडची नळी वर टेकवून डोकं खाली घालून तिरपी लोंबकळत असेल तर ती क्युलेक्स नाहीतर एडिसची. सातवीतल्या पोराला हा फरक एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही. ॲनॉफिलिसची नेमकी जात कोणती, त्याच्या पोटात परजीवी आहे का, कीटकनाशकाला तो किती दाद देतो, हे ठरवायला सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञच हवेत. त्यांची जागा गावानं घ्यावी असं कुणी म्हणतच नाही. मागणी एवढीच, की प्रयोगशाळेनंही गावाची जागा घेऊ नये.

प्रश्न ठरवण्याचा हक्क कुणाचा, इथं खरा वाद आहे. फवारणीचंच घ्या. भिंतीवर मारलेलं औषध टिकलं तरच उपयोगाचं, कारण रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो. डोंगरातल्या घराची भिंत म्हणजे पुष्कळदा शेणामातीनं सारवलेला कारवीचा कूड. टोळी दिवसा येते, तेव्हा माणसं रानात. घरात म्हातारी आणि लहान पोरं. कणगी हलवायची कुणी, भांडीकुंडी बाहेर काढायची कुणी? कशीबशी फवारणी होते, कागदावर घर ‘फवारलेलं’ म्हणून चढतं, आणि पुढच्या सणाला किंवा घरातल्या लग्नाला बाई कूड सारवून घेते. औषध सारवणाखाली गेलं. यात त्या बाईचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, की कुठल्या महिन्यात फवारलं तर ते सर्वांत जास्त दिवस टिकेल, हा प्रश्न अभ्यासात होता का? तो तिला विचारला असता तर उत्तर उंबऱ्यावरच मिळालं असतं.

मच्छरदाणीचंही तसंच. भात पोटरीला आलं की रानडुकरांपासून राखायला माणूस रात्री खाचरावर मुक्कामाला असतो. मच्छरदाणी घरात, माणूस माळ्यावर, आणि हा डास चावतो रात्री. किती घरांत मच्छरदाणी पोचली ही टक्केवारी मग कितीही वर गेली तरी तिचा अर्थ काय? माणूस वर्षाच्या कुठल्या रात्री कुठं झोपतो, हा हिवतापाच्या अभ्यासातला पहिला प्रश्न व्हायला हवा, आणि तो पहिला येतो फक्त तिथं जिथं प्रश्नावली बनवताना गावातलं कुणी समोर बसलेलं असतं.

याहून अवघड गोष्ट मजुरांची. पश्चिमेकडची कुटुंबं कामासाठी नारायणगाव, ओतूर, मंचरच्या बागायती पट्ट्यात उतरतात. कुणी पालात राहतं, कुणी मालकाच्या शेडात. आरोग्यसेवक पंधरवड्यानं घरी जातो तेव्हा दाराला कडी असते. व्हायवॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उसळतो. तो मुळातून जावा म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, मजूर कामाच्या गावाला निघतो, उरलेल्या गोळ्या पिशवीच्या तळाशी. अहवालात याला ‘रुग्णाचं असहकार्य’ म्हणतात. ज्याची रोजची मजुरी बुडते त्यानं उपकेंद्राच्या गावी १४ दिवस थांबावं, ही अपेक्षाच मुळात चूक आहे. कोण कुठल्या मुकादमाबरोबर कुठं गेला हे वाडीतल्या आशाताईला माहीत असतं. गोळ्यांचा पाठपुरावा दोन गावांत मिळून कसा करायचा याची रचना तिच्यासह आणि मजुरांसह केली तर तो संशोधनाचा उत्तम विषय आहे.

‘लोकांना आत घेतलं की शास्त्राची शिस्त मोडते,’ असंही म्हणतात. महाराष्ट्रात बसून हे म्हणणाऱ्यांचं नवल वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गडचिरोलीत १९९३ पासून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास केला. गावातल्या बायांनी बाळं तपासली, वजनं घेतली, नोंदी ठेवल्या. तुलनेसाठी वेगळी गावं होती, मोजमाप कडक होतं, आणि १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. लोक आत होते म्हणून शिस्त कुठं ढळली?

हिवतापातलं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्यातल्या नडियाद भागात डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली मलेरिया संशोधन केंद्रानं १९८३ पासून फवारणीवर भिस्त न ठेवता काम केलं. खड्डे बुजवले, पाण्याचा निचरा केला, गप्पी मासे सोडले, आणि हे सगळं गावकऱ्यांना हाताशी धरून. ते देशभर का पसरलं नाही, असं विरोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. खड्डा बुजवणं हे एका वर्षाचं काम नसतं. प्रकल्पाची माणसं, पैसा आणि लक्ष असेतो ते सोपं जातं. पण म्हणूनच गावाचा अधिकार आणि गावाचा निधी त्यात पहिल्या दिवसापासून हवा. खेडा जिल्ह्याचा धडा सहभाग वाढवण्याचा आहे, सोडून देण्याचा नाही.

लोकांना अंधारात ठेवलं तर काय होतं, तेही आपल्या देशानं पाहिलंय. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं संशोधन चालवलं. सोनीपतला वंध्य नर डास सोडायची तयारी झाली होती. डास हिवतापाचे नव्हते, पण प्रसंग आपल्या कामाचा आहे. परदेशी पैसा आणि हेतूंविषयीचा संशय यांवरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले, आणि १९७५ साली डास सुटण्याआधीच प्रकल्प गुंडाळला गेला. चांगलं शास्त्रही त्यात बुडालं.

आता लस आली, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. ऑक्सफर्डची आर-२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती फाल्सिपॅरम जातीच्या हिवतापाविरुद्ध आहे, मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठी. यकृतात दडणाऱ्या व्हायवॅक्सवर ती उपाय नाही.

‘पुणे जिल्ह्यात हिवताप उरलाय किती?’ हा प्रश्न मात्र ऐकताना पटतो. राज्याचा भार आज मुख्यतः गडचिरोली आणि मुंबईवर आहे, हे खरंच. पण २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचं आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट देशानं ठेवलंय. रुग्ण हजारांत असतात तेव्हा सरसकट फवारणी थोडीफार भागवून नेते. रुग्ण विरळ झाले की एकेकाचा माग काढावा लागतो: कुठं झोपला, कुणाबरोबर गेला, कुठल्या पाण्याशेजारी राहिला. हा माग गावाशिवाय लागत नाही. पोलिसी चौकशी करून तर मुळीच नाही.

सहभागाच्या नावाखाली फुकट राबवून घेणं हे मात्र आम्हालाही मान्य नाही, आणि इथं विरोधकांपेक्षा आपल्याच बाजूच्या उत्साही लोकांना सांगावं लागतं. आवणीच्या दिवसांत किंवा हिरड्याच्या हंगामात बैठकीला बोलावलेल्या बाईचा रोज बुडतो. तो भरून द्यावा, नाहीतर बैठक त्या दिवसांत घेऊ नये. अळ्या शोधणाऱ्या पोरांना मानधन मिळावं. आशाताईच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवू नये.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम तिथल्या ग्रामसभेला अधिकार देतात, आणि वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही समाजाला सुरुवातीपासून बरोबर घ्यायला सांगतात. मग या पट्ट्यातल्या हिवतापाच्या पुढच्या अभ्यासाचा मसुदा मराठीत, आवणी सुरू होण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा. कोणाचं रक्त घेणार, किती वेळा, ते कुठं जाणार, पैसे कुणाचे, हे तिथं सांगावं. प्रश्नावलीत गावानं आपले प्रश्न घालावेत आणि नको ते काढायला लावावेत. नकार दिला तर तो नकार म्हणूनच नोंदवावा. आणि अभ्यास संपल्यावर वाडीवार निष्कर्ष त्याच ग्रामसभेपुढे येऊन मांडावेत, कुठल्या ओढ्यात काय सापडलं आणि कुठल्या घरांत फवारणी वाया गेली इथपर्यंत.