रेल्वेच्या कारखान्यातून पडद्यावर

बंगळूरहून रेल्वेने मिरजेकडे निघालात, की वाटेत हुबळी लागते. इथल्या रेल्वे कारखान्यात शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरचा एक मुलगा कामाला होता. दिवसा लोखंडाशी झटापट, संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमागृहात पडेल ते काम. सिनेमा मात्र फुकट बघायला मिळायचा! मुलाचं नाव शांताराम वणकुद्रे. तुम्ही त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखता.

१९२० मध्ये ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिथेही सुरुवातीला हरकाम्याच. पण जिथे खुद्द बाबूरावांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला होता, तिथे कारखान्यात हात तेलकट झालेल्या पोराला कसला कमीपणा?

१९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटात त्यांना भूमिका मिळाली. कुणाची, माहीत आहे? सावकारामुळे जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याची. घाम गाळणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे १९२९ मध्ये भागीदारांसोबत 'प्रभात' काढली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट दिग्दर्शित केला. घरातल्या आजी-आजोबांना 'दो आँखें बारह हाथ' नक्की आठवत असेल. त्याच्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली होती. तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास होते.