गुरू उंबरठ्याबाहेर

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी केबिन रोडच्या पालकवर्गाची समजूत असणे स्वाभाविक आहे. चेंबूर येथे १९२७ सालापासून गोल्फचा क्लब असूनही तो आपणांस दूरचाच वाटतो. परंतु हा खेळ शिकविणारा मनुष्य पुष्कळदा गरिबाघरचाच असतो. क्लबाचा ‘प्रोफेशनल’ सभासदांस धडे देतो, त्यांच्या काठ्या दुरुस्त करितो. तथापि एके काळी विलायतेत व अमेरिकेत त्यास क्लबाच्या दिवाणखान्यात मज्जाव असे. ज्याच्यापाशी विद्या घ्यावयाची, त्यासच उंबरठ्याबाहेर उभे करावयाचे, हा न्याय आम्हांस विपरीत वाटतो. अमेरिकेतील टोलेडो शहराच्या इन्व्हरनेस क्लबाने १९२० साली राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी अशा खेळाडूंस आपले दार उघडिले. त्यांनी कृतज्ञतेने क्लबास एक मोठे घड्याळ अर्पण केले. आपल्या देशात, दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहिलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकिली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक होत.

विद्यार्थ्यांनो, कसब कष्टाने मिळते, ते तुमच्या हाती आहे. मान देणे मात्र इतरांच्या हाती असते. म्हणून पालकांस आमची विनंती की, हातावर पोट भरणाऱ्या कसबी माणसास मुलांदेखत आदराने संबोधावे. बंद दार आतल्यांनीच उघडावे लागते.