आजच्या दिवशी वाद नको!

आई-बाबांच्या लग्नाला २५ वर्षं झाली, म्हणून गेल्या महिन्यात त्यांना एका फाइन डाइन रेस्टॉरंटमध्ये नेलं. माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि उगाचच हळू आवाजात बोलत होती. बाबा मेन्यू कार्ड उजवीकडून वाचत होते, म्हणजे आधी किंमत, मग पदार्थ. तरी संध्याकाळ मस्त गेली. मग बिल आलं.

जेवणाचे ५,२०० रुपये. त्याखाली १० टक्के सर्व्हिस चार्ज, ५२० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, २८६ रुपये. एकूण ६,००६. मी वेटरला विचारणार, तेवढ्यात आईने टेबलाखालून हात दाबला. "जाऊ दे गं, आजच्या दिवशी वाद नको." मी पैसे भरले. निघताना बाबांनी वेटरच्या हातात शंभराची नोट ठेवली, ती वेगळीच.

सर्व्हिस चार्ज नसता, तर बिल ५,४६० झालं असतं. म्हणजे ५४६ रुपये आम्ही निव्वळ संकोचापायी मोजले.

कारण नियम स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखाली घ्यायचा नाही, त्यावर जीएसटी आकारायचा नाही आणि तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. रेस्टॉरंट संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली आणि वाद जवळपास पावणेतीन वर्षं चालला. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत.

गोंधळ नावातही आहे. जीएसटी येण्याआधी, म्हणजे २०१७ पर्यंत, बिलात 'सर्व्हिस टॅक्स' असायचा. तो सरकारकडे जायचा. सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही, रेस्टॉरंटकडेच राहतो. पण छापील बिलात टक्केवारीसह दिसला की तोही एखादा कर वाटतो आणि आपण मुकाट्याने भरतो.

रेस्टॉरंटवाल्यांची बाजू अशी, की टीप फक्त टेबलावर येणाऱ्या वेटरला मिळते. सर्व्हिस चार्ज स्वयंपाकघरात राबणाऱ्यांपर्यंतही पोचतो. मुद्दा खोटा नाही. आपल्यातलेच कितीतरी जण सुट्टीत अशा ठिकाणी काम करतात. पण तो पैसा खरंच कोणाला किती मिळाला, हे ग्राहकाला बिलावरून कळत नाही. कामगारांना जास्त पैसे द्यायचे असतील, तर पदार्थांच्या किमती वाढवायला कोणी अडवलेलं नाही. किंमत मेन्यूवर दिसली की परवडतंय का, ते ऑर्डर देण्याआधी ठरवता येतं. बाबांसारख्या माणसाला तर तेच हवं असतं.

आणि अशा जागी आपण जातो कधी? कोणाची पदवी, पहिली नोकरी, लग्नाचा वाढदिवस. नेमका तोच दिवस, जेव्हा ५०० रुपयांसाठी तोंड उघडणं कमीपणाचं वाटतं. रोजच्या टपरीवर चहाचे दोन रुपये जास्त लावले तर आपण लगेच विचारतो. इथे मात्र समोरचा कोट घालून उभा असतो आणि आपण पहिल्यांदाच आलेलो असतो.

विचारायचं म्हणजे भांडायचं नाही. "सर्व्हिस चार्ज काढून द्या," एवढं शांतपणे सांगायचं. नाही ऐकलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलाचा फोटो मात्र जपून ठेवा. सेवा आवडली तर टीप जरूर द्या. बाबांची शंभराची नोट त्यांनी स्वतःहून दिली होती, ते ५२० रुपये नव्हते.

आता आजीची पंच्याहत्तरी आहे. या वेळी टेबल बुक करताना फोनवरच विचारलं, "तुम्ही सर्व्हिस चार्ज लावता का?" पलीकडचा माणूस जरा थांबला आणि म्हणाला, "नको असेल तर काढून देऊ, मॅडम." आई शेजारीच बसली होती. या वेळी तिने हात दाबला नाही.