सांगितलं पुष्कळ, विचारलेल्याचं काय?

राज्य सरकारच्या वर्षपूर्तीच्या निमित्ताने एका अभ्यासकांचा लेख वाचला आणि डोकं तापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: महाराष्ट्राचा कारभार आता खुला झाला आहे. दाखले ‘आपले सरकार’वर मिळतात, संकेतस्थळं नवी झाली, शंभर दिवसांच्या मोहिमेत कार्यालयांना गुण मिळाले, मंत्री रोज समाजमाध्यमांवर लोकांशी बोलतात. सगळं आपणहून सांगणारं सरकार असताना माहिती अधिकाराचे अर्ज हवेत कशाला? आणि अर्ज करतात तरी कोण? एक तर खंडणीखोर, नाही तर रिकामटेकडे.

दाखले वेळेवर मिळू लागले, हे मला मान्य आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, विनाकारण टाळाटाळ करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला, हे चांगलंच झालं. पण उत्पन्नाचा दाखला हातात पडला म्हणून कारभार उघडा झाला, हे कोणत्या तर्काने?

गावाकडचा एखादा रस्ता घ्या. कडेला फलक असतो: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, दोष दायित्व कालावधी. पहिल्या पावसात डांबर निघून खडी वर येते. वर्षपूर्तीच्या पुस्तिकेत मात्र तो रस्ता पूर्ण झालेल्या किलोमीटरमध्ये धरलेला असतो आणि मंत्र्यांच्या चित्रफितीत त्याची फीतही कापली जाते. गावकऱ्याला यातलं काहीच नको असतं. अंदाजपत्रकात थर किती जाडीचा होता, मोजमाप पुस्तिकेत किती लिहिला, त्या नोंदीखाली सही कोणाची आणि बिल कोणत्या तारखेला निघालं, एवढंच त्याला हवं असतं. ते कोणतंही सरकार हौसेने सांगत नाही. ते मागावं लागतं.

मागायचं कसं? जोडपत्र ‘अ’ भरायचं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीस दिवस थांबायचं. त्यातही २०१२ च्या नियमदुरुस्तीने राज्याने अट घातली की अर्जात विषय एकच हवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसायला हवा. सरकारने बोलायला पुरवण्याच्या पुरवण्या, आणि नागरिकाने विचारायला दीडशे शब्द! याला लोकसंवाद म्हणणाऱ्यांची मला चीड येते. पुढे उत्तर येतं: ‘सदर माहिती कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ मग पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. तिथेही काही हाती लागलं नाही, तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आणि ते किती दिवसांत निकाली काढायचं याची मुदत कायद्यातच नाही. ते प्रकरण बोर्डावर येईपर्यंत दोष दायित्व कालावधी उलटून जातो. म्हणजे फुकटात दुरुस्ती करून घेण्याचा हक्क गेला. पुढची डागडुजी पुन्हा आपल्याच पैशांतून. दिरंगाईची ही किंमत वर्षपूर्तीच्या कोणत्या पुस्तिकेत छापली आहे, ते या अभ्यासकांनी दाखवावं.

आणि आपणहून सांगण्याचा गौरव कसला करता? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने आपणहून सांगणं प्रत्येक कार्यालयावर बंधनकारक केलं. सतरा बाबी, १२० दिवसांत. वीस वर्षं उलटली. एका तालुक्याच्या कार्यालयात मी ती संचिका मागून पाहिली. जनमाहिती अधिकारी म्हणून ज्यांचं नाव होतं ते कधीच बदलून गेले होते, आणि अंदाजपत्रकाच्या तक्त्यात रकाने होते, आकडे नव्हते.

हा वाद काही नवा नाही. केंद्राच्या आधी राज्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तेव्हाही अशीच माणसं हाच सूर लावत होती: फायली उघड्या झाल्या की अधिकारी सही करायला घाबरतील. सह्या थांबल्या नाहीत, ठेकेही थांबले नाहीत. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं आश्वासन २००५ च्या मूळ कायद्यात होतं. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने ते वाक्य वगळलं. खुलेपणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा बोलले?

खंडणीचं म्हणाल, तर खंडणी हा गुन्हा आहे, पोलिसांत द्या. मात्र जी फाईल आधीच सगळ्यांसमोर आहे तिच्या धमकीवर कोणी पैसे उकळू शकत नाही. अर्जांनी कामं अडतात म्हणाल, तर चौथं कलम पाळा, अर्ज आपोआप घटतील.

मग हवं काय? फार नाही. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचाच २०१८ चा निर्णय आहे. तो तालुक्यापर्यंत न्या आणि दारावर ठळक लिहा. दीडशे शब्दांची अट काढा. मोजमाप पुस्तिकेची पानं बिल निघायच्या आधी संकेतस्थळावर टाका. कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याची तरतूद आहे. त्यातले अर्ज किती, नाकारले किती, अपिलं तुंबली किती, हे आकडे सरकारने आपल्या वर्षपूर्तीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर घ्यावेत, छायाचित्रांच्या आधी.