हळदीचे संशोधन कोणासाठी?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे हळद संशोधन केंद्र उभारण्यासाठी राज्य शासनाने २०२२ मध्ये शंभर कोटी रुपयांची घोषणा केली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. उद्योगधंद्यांपासून वंचित राहिलेल्या या जिल्ह्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. तथापि सत्काराचे हार सुकल्यानंतर एक प्रश्न शिल्लक उरतो. या केंद्रात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात जनतेच्या पैशांतून जे ज्ञान निर्माण होईल, त्यावर हक्क कोणाचा राहणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि हळदीला तर तो नवाही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, जुने ग्रंथ आणि १९५३ मधील एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून त्यास आव्हान दिले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. ही विजयकथा अभिमानाने सांगितली जाते. परंतु तिच्यातील दुसरा धडा विसरला जातो. येथे दावेदार एखादी नफेखोर कंपनी नव्हती, एक विद्यापीठ होते. सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांवर मालकी सांगण्याची मुभा अमेरिकेने १९८० च्या कायद्याने विद्यापीठांना दिली होती. त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये आपल्या राज्यसभेतही मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही, पण त्यामागील विचार मात्र विद्यापीठांच्या आवारात रुजला आहे.

उलट बाजूही मराठवाड्याने पाहिली आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात, म्हणजे सार्वजनिक खर्चातून, तयार झालेला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार होता. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि खासगी कंपन्यांनी बाजारपेठ व्यापली. या वाणात बीटी जनुक आणण्याचे काम महाबीजच्या सहकार्याने झाले खरे, परंतु फार उशिरा. संशोधन करून स्वस्थ बसणारे विद्यापीठही शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हेच यातून दिसते.

तेव्हा बाजाराकडे पाठ फिरवा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. निरोगी बेणे प्रयोगशाळेतून बांधापर्यंत पोचवायचे, तर रोपवाटिका, शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि खासगी उद्योजकही लागतील. वाद आहे तो अटींचा. एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागणाऱ्या या पिकात घरचे बेणे राखणे हाच लहान शेतकऱ्याचा बचाव असतो. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क त्याला दिला आहे. विद्यापीठाने एकाच कंपनीशी मक्त्याचा करार केला, तर हा हक्क कागदावर राहील आणि बेण्याचा भाव कंपनी ठरवील.

याहून सूक्ष्म धोका संशोधनाच्या विषयांचा आहे. औषधकंपनीला अधिक कुर्क्युमिन असलेला कंद हवा असतो. शेतकऱ्याला कंदकूज थांबायला हवी असते आणि हळद शिजवण्याचा खर्च उतरायला हवा असतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला गिऱ्हाईक आहे, दुसऱ्याला नाही. संशोधकाचे यश केवळ स्वामित्वशुल्काच्या रकमेवर मोजले जाऊ लागले, तर कंदकूज कोणाच्याच यादीत राहणार नाही. शिवाय कराराच्या गोपनीयतेपोटी निष्कर्ष दडवले गेले, तर विद्यापीठ आणि कंपनीची प्रयोगशाळा यांत फरक तो काय उरला?

म्हणून शासनाने व विद्यापीठाने काही बंधने आजच स्वीकारावीत. सार्वजनिक निधीतून निघालेल्या वाणांचे परवाने मक्तेदारीने न देता अनेकांना, वाजवी शुल्कात द्यावेत. प्रत्येक करार जनतेस पाहता यावा. मिळणाऱ्या शुल्काचा निश्चित वाटा शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील संशोधनासाठी राखून ठेवावा, आणि हे सारे ठरवणाऱ्या मंडळात हळद पिकवणाऱ्या स्त्री-पुरुषांना मताचा अधिकार असावा. मिसिसिपीचा दावा सातासमुद्रापलीकडे जाऊन खोडून काढता आला. आपल्याच विद्यापीठाने आपल्याच शेतकऱ्याविरुद्ध केलेला करार खोडण्यासाठी त्याने कोणाच्या दारात जावे?